आत्याचा खोकला

पावसानं सलग दुसऱ्या वर्षी हात आखडला आणि जमिनीचा दगड झाला. नांगराचे चार फेरे होतात न होतात तोच फाळाचं टोक बोथट व्हायचं. माणसं कपाळाला हात लावायची आणि फाळ काढून, खांद्यावर टाकून लोहाराकडं निघायची. लोकांचा दुष्काळ आणि लोहाराची सुगी, असं रांगेत उभी राहिलेली टवाळ पोरं म्हणायची. लोहार ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. सुगी होती, पण अशी सुगी कुणाला हवी असते? भट्टी सकाळी पेटायची ती अंधार पडेपर्यंत विझत नव्हती, आणि तिच्याभोवतीच्या तिन्ही माणसांच्या अंगाला कोळशाच्या धुराचा वास कायमचा चिकटला होता.

ही तीन माणसं एकमेकांची कोण, हे गावाला आजवर नीट सांगता आलेलं नव्हतं. लोहार म्हातारा, बायको केव्हाच गेलेली, मूलबाळ नाही. भाता ओढायला आत्या. ती गावाची आत्या होती, पण कुणाच्याच बापाची बहीण नव्हती. तिचा मुलगा आणि सून शहरात गेले तेव्हा 'बस्तान बसलं की न्यायला येतो' म्हणाले होते. ते बस्तान अजून बसतच होतं. थंडीच्या दिवसांत ती भट्टीजवळ शेकायला येऊन बसायची. एकदा भाता ओढणारा पोरगा आला नाही, तेव्हा तिनं बसल्या बसल्या दोरी हातात घेतली, ती काही परत सोडली नाही.

तिसरी होती ती घण मारणारी. अंगानं काटकुळी, म्हणून गावानं तिचं नाव पैलवान ठेवलं. आधी ती खाणीवर नवऱ्याबरोबर दगड फोडायची. नवऱ्यानं दुसरा संसार मांडला तेव्हा तिच्या वाट्याला दांडा तुटलेला घण आला. दांडा बसवून घ्यायला म्हणून ती लोहाराकडं आली होती. लोहारानं दांडा बसवला आणि तापलेला लोखंडाचा तुकडा ऐरणीवर ठेवून म्हणाला, "मारून बघ." तिनं मारला. तेव्हापासून दोघी मागच्या खोलीत आणि लोहार पुढं भट्टीशेजारच्या खाटेवर, असं चाललं होतं. सुरुवातीला गावानं जिभा चालवल्या. मग जिभाही दमल्या.

काम असं चालायचं. लोहार डाव्या हातातल्या सांडशीनं तापलेला फाळ ऐरणीवर धरायचा आणि उजव्या हातातल्या लहान हातोड्यानं एक टिचकी द्यायचा. जिथं टिचकी, तिथं पैलवानचा घण. टिचकी, घण. टिचकी, घण. हातोडा ऐरणीवर आडवा पडला की थांबायचं. यात बोलणं नव्हतं. घण बोटभर इकडं तिकडं झाला तर लोहाराचा हात गेला असता, पण इतक्या वर्षांत कधी झाला नव्हता.

आणि लोहाराला दिसत नव्हतं.

हे दोघींना ठाऊक होतं. उजेड आणि अंधार एवढाच फरक त्याला उरला होता. शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं, डोळ्याची शीर सुकलीय, यावर औषध नाही. लोहारानं घरी येऊन सांगितलं, "डोळे ठणठणीत आहेत म्हणाला." पण लोखंडाचं सगळं काम रंगावर चालतं. तांबडं झालं की कच्चं, पिवळं झालं की काढायचं, पांढऱ्याकडं गेलं की जळलं. हातांना जागा कळते, वजन कळतं, पण रंग हातांना कळत नाही. एकदा विळा भट्टीत नको तितका वेळ राहिला असताना आत्याला धुरानं ठसका लागला, आणि नेमका त्याच वेळी लोहारानं विळा बाहेर ओढला. रंग असा होता की बघत राहावं. दुसऱ्या खेपेला लोहार मान जराशी तिरकी करून बसून राहिला. आत्या पुन्हा खोकली. त्या दिवसापासून आत्याला खोकला लागला. रंग जुळला की ती खोकायची, लोहार लोखंड काढायचा, पैलवान घण उचलायची, आणि यावर तिघांपैकी कुणीही कधी चकार शब्द काढला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. गावाला कळलं तर आंधळ्याच्या हाती फाळ कोण देणार? आणि भट्टी विझली तर दोघींनी जायचं कुठं?

अशात पुतण्या आला.

त्याचं शहरात वेल्डिंगचं दुकान होतं. स्वतःचा छोटा टेम्पो घेऊन आला. गालफडं भरलेली, बोलण्यात साखर. येताना काकासाठी नवं घोंगडं आणलं, दोघींसाठीही चहाचा मोठा डबा आणला. माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. वाईट असता तर पैलवाननं दोन शब्दांत वाटेला लावला असता.

"काका, वरती नवी खोली काढलीय तुमच्यासाठी," तो भट्टीपुढं उकिडवा बसत म्हणाला. "बायको रोज म्हणते, काकांना आणा."

"इथं काय कमी आहे?"

"कमी काही नाही हो. पण उद्या पडलात, दुखलात, तर बघणार कोण?"

"आम्ही आहोत की," आत्या भात्याची दोरी ओढत म्हणाली.

"तुम्ही आहातच, आत्या. पण खरं सांगू? तुम्हालाच कुणीतरी बघायला पाहिजे." तो मायेनं हसला. रांगेतले दोघंतिघंही हसले. आत्या मान खाली घालून दोरी ओढत राहिली.

मग तो पैलवानकडं वळला. "ताई, तुम्ही काकांच्या कोण?"

"घण मारते."

"ते दिसतंय. नात्यानं?"

पैलवाननं घणाचा दांडा या हातातून त्या हातात घेतला. रांगेतल्या माणसांच्या नजरा पाठीला चिकटल्यासारख्या झाल्या.

"काका, डोळ्यांचं काय?" पुतण्यानं आवाज खाली आणला. "तुमच्या गावचा एक माणूस दुकानात आला होता. म्हणाला, काका रस्त्यात ओळखत नाहीत."

"ओळख द्यायची लायकी नसेल त्याची," लोहार म्हणाला. "डोळ्यांना काय धाड भरलीय? सुईत दोरा ओवून दाखवू?"

"दाखवा की," पुतण्या थट्टेनं म्हणाला आणि खरंच सदऱ्याच्या बटणाखाली टोचून ठेवलेली सुई काढू लागला.

पैलवान मध्ये आली. "मिस्त्री, लोखंड थंड होतंय," ती करवादली. "गप्पा मागाहून मारा. माणसं खोळंबलीत."

लोहारानं सांडशी उचलली. पुतण्यानं सुई परत टोचली आणि हसत बाजूला झाला. पण तिच्याकडं बघताना त्याच्या कपाळाला एक आठी पडली होती.

दुपारी चौघं जेवायला बसले. लोहाराचं ताट रोज एकाच जागी मांडलेलं असायचं, पाण्याचा पेला उजव्या गुडघ्याजवळ, मीठ ताटाच्या वरच्या कडेला. पुतण्यानं मांडी घालताना पेला सहज सरकवून पलीकडं ठेवला. लोहाराचा हात गुडघ्याजवळ गेला. जमीन चाचपडली. पुढं गेला, पुन्हा मागं आला. पैलवानच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. आत्यानं स्वतःचा पेला हळूच त्या हाताखाली लोटला. लोहार पाणी प्यायला आणि त्यानं मिशा पुसल्या. पुतण्या ताटाकडं बघून जेवत होता. त्यानं पाहिलं की नाही, हे पैलवानला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्या दिवशी तिला अन्नही गोड लागलं नाही.

तिला नेमकी कशाची भीती वाटत होती, हे तिनं स्वतःशी कबूल करून टाकलं होतं. छप्पर जाईल याची होतीच. पण छपरं पुष्कळ मिळतात. संध्याकाळी काम संपल्यावर तिचे खांदे भरून यायचे तेव्हा आत्या बोलता बोलता गरम फडकं आणून तिच्या मानेवर ठेवायची. लोहार खाटेवरून विचारायचा, "पैलवान, आज डावा हात जड पडत होता, काय झालं?" त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. तिच्या आईबापांना, नवऱ्याला, खाणीवरच्या मुकादमाला, कुणाला कधी तिचा डावा हात जड पडल्याचं कळलं नव्हतं. हे गेलं तर पुन्हा मिळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुतण्या सकाळीच बाजारात गेला आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन आला.

"आत्या, काल दिवसभर ऐकतोय. हा खोकला बरा नाही. छातीत धूर बसलाय तुमच्या." त्यानं बूच काढून स्वतः दोन चमचे पाजलं. "आणि आता भट्टीजवळ बसायचं नाही. तिकडं दगडावर हवेत बसा. भाता मी ओढतो."

"अरे, मला काही झालं नाही," आत्या म्हणाली.

"असंच म्हणतात सगळे," रांगेतला एकजण म्हणाला आणि तोंडावर फडकं धरून दोन पावलं मागं सरला. "दुसऱ्यालाही लागतो हो असला खोकला."

झालं. आत्या त्या माणसाच्या फडक्याकडं बघत राहिली. मग बाटली पोटाशी धरून मुकाट्यानं बाहेरच्या दगडावर जाऊन बसली. तिथून तिला भट्टीची पाठ दिसत होती, आग दिसत नव्हती.

लोहार ऐरणीशी बसलेला होता. त्याचा चेहरा हलला नाही. "आत्याला बसू दे की इथंच," एवढंच तो म्हणाला.

"काका, किती दिवस त्या म्हाताऱ्या हाडांकडून भाता ओढवून घेणार?" पुतण्या म्हणाला, आणि यावर लोहाराला काही बोलता येईना. बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं.

त्या वेळी घाईवाला पुढं उभा होता. या शेतकऱ्याला सगळा गाव घाईवाला म्हणायचा. जन्मताना सुद्धा दाईची वाट पाहिली नाही म्हणे. त्याच्याकडं एकच फाळ, आणि बैलजोडी मागून आणलेली, ती परत करायची होती. "लौकर, लौकर," त्याचं चाललेलं.

फाळ भट्टीत गेला. पुतण्याचे दंड भरलेले होते. त्यानं भाता असा ओढला की कोळसे फुत्कारायला लागले. आत्याच्या हाताच्या दुप्पट वारा. पैलवान घणावर हात ठेवून उभी होती. फाळाचं टोक काळ्याचं तांबडं झालं. तांबड्याचं शेंदरी झालं. लोहारानं मान तिरकी केली.

शेंदरीचं पिवळं झालं. आता. आता काढायला पाहिजे. लोहार मान तिरकी करून बसलेलाच.

पैलवान पुढं वाकली. 'काढा' म्हटलं की संपलं. लोहाराला लोखंड काढायची वेळ घणवालीनं सांगायची, हे ऐकून पुतण्याला काय ते कळणार, घाईवाल्याला कळणार, आणि रात्रीच्या आत सगळ्या गावाला. न म्हणावं तर फाळ जातो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तिनं घसा खाकरला आणि ती खोकली.

"बघा, ताईंनाही लागला!" पुतण्या मोठ्यानं म्हणाला. "म्हणूनच म्हणतो, धूर वाईट."

लोहारानं तिच्याकडं तोंड वळवलं. "पाणी पी, पैलवान," तो म्हणाला. त्याला कळलंच नाही. त्याचा कान भात्याच्या बाजूनं येणाऱ्या आत्याच्या खोकल्यालाच सरावला होता.

ती पुन्हा खोकली. पुतण्यानं आणखी दोनदा भाता ओढला. पिवळं पांढरं झालं आणि भट्टीतून बारीक ठिणग्या तडतडायला लागल्या. तो आवाज लोहारानं ओळखला. त्यानं घाईघाईनं सांडशी घातली, फाळ ओढला, ऐरणीवर ठेवला आणि टिचकी दिली.

लोखंड जळलंय हे पैलवानला दिसत होतं. घण मारायला नको हे तिला कळत होतं. पण या माणसाची टिचकी पडली आणि आपला घण पडला नाही, असं तिच्या आयुष्यात झालं नव्हतं. हात आपोआप वर गेले आणि खाली आले.

फाळाचं टोक भुसभुशीत ढेकळासारखं फुटलं. पांढरा तुकडा उडून लोहाराच्या नडगीवर चिकटला. चरचर आवाज आला आणि कातडी जळाल्याचा वास आला. लोहार ओरडला नाही. त्यानं तुकडा झटकायला हात नेला तो भलत्याच जागी. पैलवाननं घण टाकला, आपल्या ओच्यानं तुकडा उडवला आणि कुंडीतलं पाणी त्याच्या पायावर ओतलं.

"माझा फाळ!" घाईवाला किंचाळला. "अहो मिस्त्री, माझा फाळ! डोळे फुटले होते का?"

आत्या दगडावरून उठून आली होती आणि दाराच्या खांबाला धरून उभी होती. पुतण्यानं भात्याची दोरी सोडली. तो काकासमोर येऊन बसला आणि आपला पंजा त्याच्या तोंडासमोर धरला.

"काका, किती बोटं आहेत?"

लोहारानं भाजलेला पाय जवळ ओढला.

"काका."

"उचलून ठेव तुझी बोटं," लोहार म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता. सुंभ जळालं होतं, पीळ तेवढा उरला होता.

"उद्या सकाळी निघू," पुतण्या म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "आता मी तुमचं काही ऐकणार नाही."

"बरं," लोहार म्हणाला.

पैलवाननं वळून बघितलं. तो भांडेल, शिव्या देईल, सांडशी फेकून मारेल, असं तिला वाटलं होतं. तो 'बरं' म्हणेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दिवस कलला तसा पुतण्या जळल्यावरचं मलम आणायला गेला. भट्टी त्या दिवशी लवकरच विझली होती. लोहार खाटेवर पाय लांब करून पडला होता. पैलवान त्याचं गाठोडं बांधत होती. दोन सदरे, नवं घोंगडं, दाढीचं सामान. बांधायची आणि सोडायची, गाठ मनासारखी बसत नव्हती.

"चूक माझी," आत्या म्हणाली. "मी उठून जायला नको होतं."

"तुझी कसली? चूक माझी. मला दिसत होतं आणि मी गप्प बसले."

"चूक त्या बाटलीची," लोहार खाटेवरून म्हणाला. "चांगला कमावलेला खोकला घालवला."

दोघी चपापल्या. पैलवानच्या हातातलं गाठोडं खाली राहिलं. "म्हणजे, खोकला मुद्दाम होता हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. खरा खोकला लोखंडाचा रंग बघून येत नाही."

"मग बोललात का नाही?"

"बोललो असतो तर दिसत नाही हे मान्य करावं लागलं असतं." त्यानं तोंड भिंतीकडं केलं. "बरं झालं, सुटलात. तुम्ही दोघी आता मोकळ्या."

पैलवानचं माथं फिरलं. "मोकळ्या कशातून? आम्हाला कुणी दावणीला बांधलं होतं? मी आले तेव्हा माझ्याजवळ काय होतं हो? एक तुटका घण. कुणाची कोण, कशाला आलीस, विचारलंत? 'मारून बघ' म्हणालात. तेव्हा मी टेकले तुमच्यावर, अख्खीच्या अख्खी टेकले. मला नाही लाज वाटली. ही आत्या टेकली, तिला नाही वाटली. आज तुमच्यावर पाळी आली तर तुम्हाला एवढी लाज?"

"लाज नाही गं."

"मग काय?"

"आज माझा पाय भाजला," लोहार म्हणाला. "तो तुकडा दोन हात वर उडाला असता तर तुझा डोळा होता. एका घरात एक आंधळा पुरे. मी ओझं होऊन..."

"ओझं!" ती म्हणाली. "रोज घण उचलणाऱ्या बाईला ओझं काय असतं ते सांगताय?"

तिचा आवाज फाटला. ती गाठोड्यावर डोकं टेकून रडायला लागली, आणि ते रडणं एवढं मोठं होतं की रस्त्यानं जाणारी एक बाई थबकली आणि पुढं गेली. आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. लोहार भिंतीकडं तोंड करून पडलेलाच होता. झोपला नव्हता एवढं खरं.

सकाळी गाठोडं टेम्पोत गेलं. फाळवाल्यांची रांग नेहमीसारखी लागली होती. बातमी सगळीकडं पोचली होती, पण दुसरा लोहार जवळपास नव्हता, म्हणून माणसं येऊन नुसती उभी होती, मयताला आल्यासारखी. घाईवालाही कुणाचा तरी मोडका फाळ मागून घेऊन आला होता. त्याच्या तोंडावर आज घाई नव्हती. पेरणी हुकलेल्या माणसाचं तोंड होतं ते.

पुतण्या भट्टीच्या दर्शनी बाजूला पत्रा लावायला लागला. लोहार काठी टेकत, लंगडत आला. त्यानं ऐरणीवर हात फिरवला. पैलवान आणि आत्या खांबाजवळ उभ्या होत्या. पैलवाननं ठरवलं होतं, आता रडायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. टेम्पो वळला की घण उचलायचा आणि आत्याचा हात धरून वाट फुटेल तिकडं जायचं.

लोहार ऐरणीवरून पुढं सरकला, भात्यापाशी आला आणि चाचपडत आत्याच्या जागेवर बसला. दोरी हातात घेतली.

"पत्रा काढ," तो म्हणाला.

"काका, गाडी तयार आहे."

"ती तुला न्यायला आलीय. पत्रा काढ म्हणतो ना." मग त्यानं तोंड रस्त्याकडं केलं आणि आवाज चढवला. "ऐका रे सगळे. मला दिसत नाही. मागल्या वर्षीही दिसत नव्हतं. तुम्ही वर्षभर जे फाळ नेलेत ते या दोघींच्या डोळ्यांनी झालेत. काल मी तोंड उघडलं नाही म्हणून एकाचा फाळ गेला. आजपासून भाता मी ओढणार. रंग ही आत्या सांगेल, मोठ्यानं. लोखंड पैलवान धरेल. आणि घण ज्याचा फाळ त्यानं मारायचा. पटत असेल त्यानं थांबा. नसेल पटत त्यानं रस्ता मोजा."

रांग चुळबुळली. काल फडकं धरणारा माणूस फाळ खांद्यावर टाकून निघून गेला. त्याच्यामागं आणखी दोघं गेले. "बाईच्या हाती ऐरण," असं काहीतरी कुणी पुटपुटलं. पुतण्या पत्रा हातात घेऊन तसाच उभा.

"काका, जगात हसं होईल."

"होऊ दे. तू मायेनं आलास, मला कळतं रे. वर्षातून एकदा येत जा, घोंगडं आणत जा. पण मला खोली नको. खोलीत मी आंधळा. इथं मी तिघांतला एक आहे."

पुतण्यानं पत्रा खाली ठेवला. मग जाऊन टेम्पोतलं गाठोडं काढून आणलं.

घाईवाला पुढं झाला. "मी मारतो घण," तो म्हणाला. "काल तोंडातून वाईट निघालं, मिस्त्री."

"खोटं नव्हतं निघालं," लोहार म्हणाला आणि दोरी ओढली.

कोळसे लाल झाले. आत्या आगीसमोर बसली, पदर सावरून, परीक्षेला बसल्यासारखी. "तांबडं," ती म्हणाली. "तांबडंच आहे. शेंदरी व्हायला लागलं." मग तिला ठसका लागला. ऐरणीपाशी बसलेल्या पैलवाननं सांडशी पुढं केली.

"अगं थांब, थांब!" आत्या हात हलवत ओरडली. "हा खरा आहे!"

सगळी रांग हसली. लोहारही हसला, आणि आत्या हसता हसता आणखी खोकली. "आता!" ती म्हणाली. "पिवळं. काढ!"

पैलवाननं फाळ ऐरणीवर आणला. सांडशी डाव्या हातात, हातोडा उजव्या. वर्षानुवर्षं तिनं हे समोरून पाहिलं होतं. आज ती खाली बसली होती आणि वर घाईवाल्यानं तिचा घण उचलला होता. तिनं टिचकी दिली. घण वर गेला. त्याची सावली तिच्या मनगटावर पडली आणि तिचं सगळं अंग आकसलं. तिनं सांडशी मागं ओढली. घण ऐरणीवर रिकामाच आदळला.

"काय झालं?" लोहारानं विचारलं.

ती त्याच्याकडं बघत राहिली. या जागेवर हा माणूस रोज बसला होता. वर घण दिसत नसताना, येणारा घाव दिसत नसताना, मनगट पुढं करून. एकदाही त्याचा हात मागं आला नव्हता.

"भीती वाटली," ती म्हणाली.

"वाटते. मलाही वाटायची."

"मग कसं धरत होतात?"

लोहारानं भात्याची दोरी ओढली, सोडली.

"वर तू होतीस ना," तो म्हणाला.

पैलवाननं ओल्या डोळ्यांनी फाळ पुन्हा आगीत सरकवला. आत्यानं रंग सांगितला. तिनं फाळ काढला, ऐरणीवर धरला, मनगट घट्ट केलं आणि घाईवाल्याच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "सावकाश मार, दादा. घाई करू नकोस. मी धरलंय." आणि टिचकी दिली.